बावीस बिल्ले आणि सरकारांची बग्गी

राजेसाहेबांनी दस्तगीर टांगेवाल्याचा बिल्ला काढून घेतला आणि उरलेल्या एकवीस जणांचेही आठ दिवसांनी काढून घेऊ, असं बजावलं. बिल्ला म्हणजे पितळेचा परवाना. तो दंडावर नसेल तर रायखेड संस्थानात कुणालाही टांगा किंवा बग्गी हाकता येत नसे.

कारण ऐकाल तर हसाल. बग्गीचं चाक सुताराकडे गेलेलं, म्हणून राजेसाहेब पाहुण्यांना आणायला दस्तगीरच्या टांग्यातून स्टेशनावर गेले. येताना शेजारच्या संस्थानचे महाराज बाजूला बसलेले, आणि दस्तगीरची चांदणी घोडी भर बाजारात ताडीच्या दुकानासमोर आपणहून उभी राहिली. काही केल्या हलेना. दुकानदार हात जोडून बाहेर आला, पाहुणे मिशीत हसले आणि आमच्या राजेसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वास्तविक दस्तगीर ताडीला शिवतही नव्हता. रोज संध्याकाळी त्याच्या टांग्यातून फौजदार यायचे आणि तिथे उतरायचे. पण पंचनामा लिहायला फौजदारच बसले होते. मग हे सांगणार कोण आणि कुणाला?

हुकूम निघाला. ज्याचा घोडा आपणहून थांबेल, त्याचा बिल्ला जप्त! आठव्या दिवशी सगळ्यांची परीक्षा. गाडीवानाने लगाम सैल सोडून हाताची घडी घालायची आणि घोड्याने राजवाड्यापासून स्टेशनापर्यंत कुठेही न थांबता जायचं. एक जरी जनावर असं गेलं, तरी दस्तगीरसकट सगळ्यांना माफी.

आता टांग्याच्या घोड्याला गावातला एकेक उंबरा पाठ असतो. मास्तरांची शाळा आली की तो थांबतो, वैद्यांचा दवाखाना आला की थांबतो. टांगेवाल्यांनी घोड्यांना शिकवायचं ठरवलं. ओळखीचं दार न थांबता ओलांडलं, की दहा पावलांवर गुळाचा खडा. चार दिवस मोठ्या हौसेने गूळ चारला आणि पाचव्या दिवशी लगाम सोडून पाहिलं. घोडे दारासमोर थांबले ते थांबलेच, शिवाय दहा पावलांवर गुळासाठीही थांबायला लागले.

दस्तगीरचं तर अवसानच गळालं. बिल्ला नाही म्हटल्यावर एक व्यापारी चांदणीला विकत मागायला दोनदा येऊन गेला होता, आणि चांदणीला त्याने शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. तो स्टेशनाबाहेर गवत विकणाऱ्या ठकूबाईकडे जाऊन बसला आणि ढसाढसा रडला.

ठकूबाईचा बाप कचेरीत पट्टेवाला होता. ती कचेरीच्या ओसरीवर वकिलांची भांडणं ऐकतच मोठी झाली होती, त्यामुळे अडल्यानडल्याला सल्ला द्यायची तिला भारी हौस.

तिने त्याला तीन गोष्टी सांगितल्या. एक, माफी मागायची नाही, कारण माफी मागितली की गुन्हा कबूल. दोन, फौजदाराचं नाव घ्यायचं नाही, कारण लेखणी त्याच्या हातात आहे. आणि तीन, घोडी विकायची नाही.

"पण मावशी, परीक्षेचं काय?" दस्तगीरने विचारलं.

"परीक्षा होऊ दे की. पहिला नंबर कुणाचा लावायचा, तेवढं मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. म्हणाली, टांगेवाले अडाणी आहेत, न थांबणारा घोडा कसा असतो तेच त्यांनी कधी पाहिलेलं नाही. सरकारांनी आधी एक नमुना दाखवावा. राजेसाहेबांना आपल्या पांढऱ्या घोड्याचा भलताच अभिमान! ते लगेच फुलले.

"उद्या सकाळी आमचीच बग्गी पुढे राहील. बघून घ्या म्हणावं!"

ठकूबाईने आणखी एक विनंती केली. साक्षीदार असा हवा, की ज्याचा शब्द सरकारांनाही खोडता येणार नाही. म्हणून बग्गीत राणीसाहेबांनी बसावं. राजेसाहेब यालाही खुशीने हो म्हणाले. माणूस खूश झाला की असाच फसतो.

सकाळी बग्गी निघाली. सारथी हाताची घडी घालून बसला, बग्गीत पुढच्या बैठकीवर राजेसाहेब, पडद्याआड राणीसाहेब, मागून एकवीस टांगे, आणि दस्तगीर व ठकूबाई शेवटच्या टांग्यात. पांढरा घोडा शाळेवरून गेला, दवाखान्यावरून गेला, ताडीच्या दुकानाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. राजेसाहेब मागे वळून सगळ्यांकडे ऐटीत बघत होते. स्टेशन समोर दिसायला लागलं, आणि घोडा गेनू भजीवाल्याच्या गाड्यासमोर खाडकन थांबला.

राजेसाहेबांनी चुचकारलं, दटावलं. घोडा शेपटीने माशा वारत राहिला. तेवढ्यात गेनू भज्यांचं पान घेऊन लगबगीने धावत आला. पडद्याआड कोण बसलंय हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक?

"सरकार, आज मंगळवार नसताना? या, या, मिरचीचा घाणा आत्ताच काढलाय!"

वैद्यांनी राजेसाहेबांना तळलेलं बंद केल्याला वर्ष झालं होतं, आणि ते पथ्य राणीसाहेब स्वतः पाळवून घेत होत्या. दर मंगळवारी सरकार मारुतीच्या दर्शनाला जातात, असं त्या समजून होत्या. ठकूबाई मात्र दर मंगळवारी गवताच्या भाऱ्याआडून ते दर्शन बघत होती.

पडदा बाजूला झाला. राणीसाहेबांनी नुसतं बघितलं. राजेसाहेबांना घाम फुटला आणि त्यांनी सगळा राग सारथ्यावर काढला.

"याचा बिल्ला काढून घ्या!"

ठकूबाई खाली उतरून पुढे आली.

"सरकार, त्याच्या हाताची तर घडी होती. गाडी गाडीवान हाकतो, पण घोडा थांबतो तो रोज मागे बसणाऱ्याच्या सवयीने. चांदणीही तशीच थांबली. आता बिल्ला नक्की कुणाचा काढायचा, ते सरकारांनीच सांगावं."

राजेसाहेबांनी घोड्याकडे पाहिलं, गेनूकडे पाहिलं, भीत भीत राणीसाहेबांकडे पाहिलं. राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावलेला, पण खांदे हलत होते. ते पाहून राजेसाहेबांनाही हसू फुटलं, आणि मग ते असे हसले की बग्गी गदगदा हलायला लागली.

हुकूम तिथेच फाटला. राजेसाहेबांनी खाली उतरून दस्तगीरच्या दंडावर आपल्या हाताने बिल्ला बांधला. ठकूबाईला सरकारी कुरणातलं गवत जन्मभर मोफत मिळालं. आणि यापुढे तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय संस्थानात कुणाचाही बिल्ला काढायचा नाही, असा नवा हुकूम राणीसाहेबांनी तिथल्या तिथे लिहून घेतला. लिहायला अर्थातच फौजदार बसले होते, आणि त्यांनी एकही शब्द न गाळता तो लिहिला.