मातीच्या जिभा

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या तरुण शिष्येला घेऊन एका व्यापाऱ्याच्या पेढीवर गेले. शिष्येला वनस्पतींची उत्तम पारख होती, पण बोलताना शब्द ओठांशी येऊन अडत. तिच्या लहानपणी आईने डोंगरावरच्या देवीला नवस बोलला होता, की मुलगी नीट बोलू लागली की चांदीची जीभ वाहीन. मुलगी सतरा वर्षांची झाली, तरी ती वेळ आली नव्हती. आपलीच भक्ती उणी पडली असे मानून आई दर मंगळवारी निर्जळी उपवास करी. ती दिवसेंदिवस खंगत चालली होती आणि शिष्येला ते पाहवत नसे.

वैद्य व्यापाऱ्याला म्हणाले, “शेठजी, काही मुलांचं अडखळणं आपोआप सुटतं, काहींचं जन्मभर राहतं. असं का, हे मला शोधायचं आहे. पुष्कळ वर्षं लागतील. आपलं पाठबळ हवं.”

व्यापारी हसला. “वैद्यबुवा, शोध कसला घेताय? देवळात जाऊन बघा, चांदीच्या जिभांनी भिंत झाकलीय. माझ्या नातवाचीही आहे त्यात. चार वर्षांचा होता, अडखळायचा. नवस बोललो, आता घर डोक्यावर घेतो! यंदाच्या यात्रेत मी देवीला चांदीचं मखर देणार आहे.” मग तो शिष्येकडे वळला. “काय गं, तुझी जीभ कुठाय त्या भिंतीवर?”

“मा-मा-माझी…”

“राहू दे बाई, तुझं सांगून होईतो यात्रा उलटायची!”

पेढीवरचे कारकून खो खो हसले. शिष्येचे कान तापले. गुरुजी आता तरी संतापतील, असे तिला वाटले. पण वाटेत ते एवढेच म्हणाले, “यात्रेला सात महिने आहेत. आईला सोबत घे आणि गावोगाव हिंड. जिथे मुलाच्या बोलण्यासाठी नवस बोलला, पण फेडायची वेळच आली नाही, अशा प्रत्येक अंगणातली मूठभर माती आण.”

“मी-मीच का?” तिने रागाने विचारले. परक्यांशी बोलणे हीच तिची शिक्षा, आणि गुरुजी तिला दारोदार धाडत होते.

“तुझ्यापुढे कुणी खोटं बोलणार नाही, म्हणून.”

पहिल्याच गावात एक बाई म्हणाली, “आमच्यात तसलं कुणी नाही,” आणि दार लोटू लागली. शिष्या काही सांगायला गेली आणि तिचा शब्द अडला. दार तिथेच थांबले. बाईने आत हाक मारली. वीस वर्षांचा मुलगा बाहेर आला. गाव त्याला मुका समजत असे. चिडवणे नको म्हणून त्याने बोलणेच टाकले होते. पुढच्या गावात एकीचे लग्न मोडले होते. आणखी एका मुलाच्या जिभेला बापाने तापल्या सळईचा डाग दिला होता. आणि प्रत्येक घरची आई हेच म्हणे, “माझंच काहीतरी चुकलं असेल.”

शिष्येची आई हे खाली मान घालून ऐके. विसाव्या गावात मात्र ती एकदम म्हणाली, “अहो, सगळ्याजणींचंच कसं चुकेल?” त्या दिवशी मंगळवार होता. त्या घरी तिने भाकरी मागून खाल्ली.

यात्रेच्या दिवशी वैद्यांनी त्या मातीच्या जिभा करून देवळासमोर मांडल्या. प्रत्येकीवर गावाचे नाव कोरले होते. अंगण पुरले नाही. रांगा पायऱ्यांवर उतरल्या.

“हा काय अभद्रपणा! उचला आधी!” व्यापारी ओरडला.

वैद्य शांतपणे म्हणाले, “शेठजी, ज्याचा नवस फळतो तो इथे वाजतगाजत येतो. ज्याचा फळत नाही तो घरी तोंड लपवून बसतो. म्हणून त्या भिंतीवर पहिलेच तेवढे दिसतात. नवस न बोललेल्या घरांतलीही कितीतरी मुलं आपोआप सावरली आहेत, हेही या मुलीने विचारून आणलंय. मी देवीला बोल लावत नाही. बोल आपल्या सगळ्यांना आहे. न शोधताच उत्तर सापडलं म्हणायचं, आणि त्या उत्तरात न बसणाऱ्या लेकरांच्या आयांना पापी ठरवायचं! लाज वाटायला हवी आपल्याला.”

“मग तुमच्याकडे औषध आहे?”

“नाही.”

“मग मी पैसा कशाला देऊ?”

“नाही, म्हणूनच.”

व्यापारी शिष्येला म्हणाला, “तूच सांग, तुला काय हवंय?”

“मला फ-फ-फ…”

“फळ? फुकट औषध?”

आई पुढे झाली. “थांबा शेठजी. तिचं ती बोलेल.”

सारे थांबले. बराच वेळ गेला.

“मला फ-फक्त का-कारण हवंय. ब-बरं नाही झालं तरी चालेल.”

व्यापाऱ्याने वाकून एक जीभ उचलली, मग दुसरी. बहुतेक गावांत त्याची दुकाने होती. काहीही न बोलता, बोटानेच जिन्नस दाखवून घेऊन जाणारी गिऱ्हाइके त्याला आठवली. ती घाईत असतात, असे तो इतकी वर्षे समजत आला होता.

“वैद्यबुवा,” तो हळू आवाजात म्हणाला, “कधी सुरू करायचं?”

“हिने सुरू केलंय,” वैद्य म्हणाले. “आपण ते थांबू देऊ नका.”