लुटुपुटूचा कारखाना

एकदा एका पोलादाच्या कारखान्यात विचित्र पेच निर्माण झाला. नियोजक नलावडेकाकांना रजाच मिळेना! भट्टीत लाल तापलेल्या ठोकळ्यांपैकी कुठला आधी हॅमरखाली, म्हणजे ठोकून आकार देणाऱ्या यंत्राखाली, घ्यायचा, हे सबंध कारखान्यात एकट्या काकांनाच ठरवता येई. लेकीच्या लग्नात त्यांच्या एका हातात अक्षता होत्या आणि दुसऱ्या हातात फोन. लेक तेव्हा रुसली होती. आता नातीचं बारसं आलं होतं, आणि तेही चुकलं तर लेक काय बोलेल, या विचाराने काकांना घास गोड लागेना.

काकांचं हे काम संगणकाला शिकवण्यासाठी कारखान्याने एका वृद्ध आचार्यांना पाचारण केलं. त्यांच्या शिष्येने काकांना विचारलं, "काका, तुम्ही ठरवता कसं?"

"सोपं आहे, बाळ. ज्याची माल द्यायची तारीख आधी, तो आधी."

तिने संगणकात तस्साच कारखाना उभा केला. भट्टी तीच, हॅमर तेच, नियम काकांचाच. तरी निर्णय मात्र काकांशी जुळेनात. बिचारी रडकुंडीला आली.

तेव्हा आचार्यांनी काकांनाच पडद्यासमोर बसवलं. "हं, चालवा तुमचा कारखाना." काका छान रंगले. सगळं सुरळीत चाललं असताना आचार्यांनी हळूच एक कळ दाबली आणि पडद्यावरचा एक हॅमर बंद पाडला!

"सर, अहो हे काय केलंत!" शिष्या ओरडली.

काका तिच्याहून मोठ्याने ओरडले, "अरे, बारीक ठोकळे आधी काढा! जळतील! जाड थांबेल, त्याला काय धाड भरलीय?"

"आणि तारीख, काका?"

"तारीख गेली खड्ड्यात!" आणि काका स्वतःच चपापले. "अरेच्चा, मी असं करतो होय?"

आचार्य खळखळून हसले. "मुली, आपण निर्णय कसा घेतो, हे माणसाला स्वतःलाही पुरतं ठाऊक नसतं. विचारलं की तो नियम सांगतो, आणि ते खोटं नसतं, पण अपुरं असतं. त्याच्यासमोर अडचण उभी करावी, मग तो काय करतो ते पाहावं. खऱ्या कारखान्यात हॅमर कोण बंद पाडू देईल गं? म्हणून तर हा लुटुपुटूचा!"

मग काय, गुरुशिष्यांनी पडद्यावर हॅमर बिघडवले, क्रेन अडकवली, भट्टी विझवली. काका रोज आरडाओरडा करून दमत आणि खुशीत घरी जात. ते जे जे करत, ते शिष्या संगणकाला शिकवत गेली.

बारशाच्या दिवशी तिने संगणकाच्या मदतीने कारखाना सांभाळला. तिकडे काकांचा फोन काही वाजेना. शेवटी न राहवून त्यांनीच लावला.

"सगळं ठीक ना गं?"

"आत्ताच एक हॅमर बंद पडला, काका. बारीक ठोकळे आधी काढले."

"शाब्बास!" काका इतक्या जोरात म्हणाले, की पाळण्यातली नात दचकून रडायला लागली.

"ठेवतो हं," काका घाईघाईने म्हणाले, "मला इथे काम आलंय."