शेवटचा स

“...‘आब्लास’ म्हणजे ‘तू बोलतेस’. मग नुसतं ‘बोल’ म्हणायचं असेल तर, सिस्टर?”

“शेवटचा स काढ.”

“आब्ला. बोल! आणि ‘कोमेस’चं कोमे, खा. ‘एस्क्रिबेस’चं एस्क्रिबे, लिही. एवढंच? आलं मला!”

“कुणाला सांगितलंस?”

“इथे कुणाला सांगणार?”

“मग नाही आलं.”

सिस्टर ऑगस्टिना पेरूमध्ये तीस वर्षं बाळंतपणं करून वसईच्या या छोट्या दवाखान्यात परतल्या होत्या. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कुजबुजीपुरताच उरला होता. नर्स सुरुची त्यांच्याकडे स्पॅनिश शिकत होती. तिला चिलीत नोकरीला जायचं होतं. नर्सिंगच्या परीक्षेत ती पहिली आली होती, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

दुपारी दारात रिक्षा थांबली. एक बाई सुनेला धरून आत आली.

“सिस्टर, बघा ना! पोरगा बोटीवर. ही पेरूची. एरवी मोडकंतोडकं मराठी बोलते, पण कळा सुरू झाल्यापासून माझं एक अक्षर हिला कळेना!”

सुनेचं नाव रोसाउरा. टेबलावर घेईपर्यंत बाळाचं डोकं दिसू लागलं होतं.

“माझा आवाज तिच्यापर्यंत जायचा नाही,” सिस्टर कुजबुजल्या. “तू सांग.”

सुरुचीने घसा साफ केला. कृपया, शक्य असल्यास, आपण थोडा जोर लावावा, अशा अर्थाचं एक लांबलचक, निर्दोष वाक्य तिने म्हटलं.

रोसाउरा किंचाळली. तिने ते ऐकलंच नव्हतं.

“एम्पुखास!” सुरुची घाईने म्हणाली. तू जोर लावतेस.

“नो! नो!” रोसाउरा रडू लागली.

सिस्टरनी वर न बघता सुरुचीचा हात ओढला आणि रोसाउराच्या मुठीत दिला. मूठ आवळली. बोटं कडकडली.

“एम्पुखा!” सुरुची ओरडली. “एम्पुखा!”

रोसाउराने तिच्याकडे पाहिलं... आणि जोर लावला.

“आता दम घेऊ दे तिला,” सिस्टर म्हणाल्या.

“रेस्पिरा! श्वास घे! रेस्पिरा... आता एम्पुखा! एम्पुखा!”

सुरुची आणि रोसाउरा एकदमच ओरडत होत्या. दाराबाहेर सासू मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत होती.

बाळ आलं. मुलगी.

रडली नाही.

सिस्टर टॉवेलने तिची पाठ चोळत राहिल्या. तळव्यांवर टिचक्या मारल्या...

“रेस्पिरा,” सुरुची बाळावर वाकून म्हणाली. “रेस्पिरा, बाय, रेस्पिरा!”

रोसाउरा कोपरांवर उठली. “रेस्पिरा?”

तोच शब्द. ती विचारत होती : श्वास घेतेय का?

सुरुचीने बाळाच्या छातीवर हात ठेवला.

...

मग एक बारीक, रागीट टाहो.

“रेस्पिरा!” सुरुची हसत, रडत ओरडली. “रेस्पिरा! रेस्पिरा!”

दार ढकलून सासू आत आली. तिला शब्द कळला नाही, पण तीही तोच ओरडू लागली.

गलबला ओसरल्यावर सुरुची सुजलेली बोटं चोळत सिस्टरजवळ आली.

“सिस्टर, ‘श्वास घे’ आणि ‘ती श्वास घेतेय’, दोन्हीला शब्द एकच. मी शेवटी काय म्हणत होते? आज्ञा की बातमी?”

सिस्टरनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि तिच्या हातांत दिलं.

“जिने ऐकलं, तिला विचार.”