कुमुदताईंच्या सभा

देवळांब्याच्या नगराध्यक्षपदाला निवृत्त नर्स कुमुदताई तारळेकर उभ्या राहिल्या. समोर होते पंधरा वर्षं खुर्ची न सोडलेले अण्णासाहेब. त्यांच्या सभांना ट्रक भरभरून माणसं येत. ताईंकडे ना मांडव, ना भोंगा.

मतदानाच्या आठवडाभर आधी वाचनालयाने दोघांना एका मंचावर बोलावलं. अण्णासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले, "ताई, तुमची एकही सभा झाली नाही. ऐकायला माणसंच मिळाली नाहीत का?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "रोज चार सभा झाल्या, अण्णासाहेब. तुमचा टँकर येईपर्यंत गल्लोगल्ली शंभर-शंभर माणसं हंडे घेऊन दोन तास उभी असतात. मी तिथे जाऊन बोलते. माझ्या सगळ्या सभा तुम्हीच भरवल्यात!"

सभागृह हसून हसून दणाणलं. चिडलेल्या अण्णासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी टँकर दुप्पट केले. रांगाच नसल्या, तर ही बाई बोलणार कुणाशी?

ताई अकराशे मतांनी निवडून आल्या. कारण त्या आठवड्यात भरलेले हंडे उचलताना प्रत्येक गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, "बघितलंत? निवडून यायच्या आधीच ताईंनी पाणी आणलं!"