झाकणावरचं गंध

मोटार दिसली की गावातली पोरं मागे धावायची, त्या काळात निगुडकर डॉक्टरांकडे एक काळी मोटार होती. दसऱ्याला तिची पूजा झाली आणि तेव्हापासून ती दोन मैल गेली की बंद पडू लागली. जरा थांबलं की पुन्हा सुरू व्हायची.

"आजोबा, पेट्रोल ओढणं जमत नसेल तर सांगा तसं," इंजिनाला पेट्रोल देणारा कार्बोरेटर टाकीतून पेट्रोल आणणाऱ्या पंपाला म्हणाला. म्हातारा पंप जीव खाऊन ओढत होता, पण मागून कुणी धरून ठेवल्यासारखं पेट्रोल सरकत नव्हतं. आपलं वय झालं, असं त्यालाही वाटू लागलं. शेवटी मिस्त्री नवा पंप घेऊन आला.

जाता जाता म्हाताऱ्या पंपाने नळीतून टाकीच्या झाकणाला विचारलं, "टाकीत हवा येते ना रे? ती आत आल्याशिवाय पेट्रोल बाहेर सरकत नाही."

झाकण ओशाळलं. पूजेचं गंध त्याच्या हवा आत घेणाऱ्या बारीक भोकावरच वाळलं होतं. "नाही येत. पण मला कधी कुणी गंध लावलं नव्हतं हो, म्हणून सांगवलं नाही," असं म्हणून ते आपणहून सैल झालं. सुस्कारा टाकावा तशी हवा आत शिरली. मिस्त्रीने तो आवाज ऐकला, टाचणीने भोक मोकळं केलं आणि नवा पंप परत पिशवीत टाकला.

पुढच्या दसऱ्याला गंधाची वाटी जवळ आली, तेव्हा झाकण म्हणालं, "आधी आजोबांना लावा."