गडावरची घाईची पंगत

फार जुनी गोष्ट. एका उंच गडावर एक किल्लेदार होता आणि त्याच्या हाताखाली साठ शिपाई होते. सगळे दुपारी एकाच पंगतीला बसत. गडाचा रिवाज असा, की किल्लेदार उठला की पंगत उठली. मग कुणाच्या पानात काय राहिलं ते राहिलं.

हा रिवाज लढाईच्या दिवसांतला. तेव्हा शत्रू पायथ्याशी असायचा, दोन घास पोटात ढकलून तटावर धावावं लागायचं. पुढे लढाई संपली. तिला बारा वर्षं झाली, तोफांच्या तोंडात पाखरांनी घरटी केली. पण किल्लेदाराच्या जेवणाची घाई काही संपली नाही. चार भाकऱ्या तो बघता बघता गिळायचा आणि उठायचा. त्याच्या मागे राहू नये म्हणून साठ शिपाईही तसेच गिळायचे.

त्यामुळे गडावर जवळजवळ सगळ्यांची पोटं बिघडली. कुणाला ढेकर, कुणाला जळजळ, कुणाला कळा. वैद्य रोज ओवा वाटून वाटून थकला. शेवटी एका सकाळी किल्लेदाराने स्वयंपाकिणीला सदरेवर बोलावलं.

"बाई, तुझ्या हातात खोट आहे. साठ माणसं आजारी पडली. उद्या गड उतर."

जेवणारी माणसं अशीच असतात. चूक स्वतःच्या पानात शोधत नाहीत, दुसऱ्याच्या चुलीत शोधतात.

स्वयंपाकिणीचं गडाखाली कुणी नव्हतं. नवरा याच तटावर पडला होता. पण ती रडली नाही. पदर खोचून म्हणाली, "उतरते. पण माझ्या जेवणात वाईट काय ते आधी सांगा. काल भाजी कसली होती, सरकार?"

किल्लेदार थबकला. "वांग्याची."

"वांग्याचीच!" चार शिपाई लगेच म्हणाले.

"आणि चवीला कशी होती?"

"वांग्यासारखी," किल्लेदार म्हणाला.

मागून कुणीतरी खोकलं. दरवाजावरचा म्हातारा पहारेकरी होता तो. तोंडात दात एक नाही.

"पडवळ होतं, सरकार," तो म्हणाला. "हरभऱ्याची डाळ घातलेलं. डाळ जराशी कच्ची राहिली होती, पण फोडणी झकास. मला काही गिळता येत नाही, हिरड्यांनी घोळवावं लागतं. चार घास होतात न होतात तोवर आपण उठता."

"मग तुझं पोट नाही दुखत?"

"दुखत नाही. पण भरतही नाही!"

शिपाई हसले. किल्लेदाराने डोळे वटारले तसे गप्प झाले.

स्वयंपाकीण म्हणाली, "ऐकलंत? चूल एक, पातेलं एक. माझ्या हातात खोट असती तर या बाबांचं पोट आधी दुखलं असतं. पंधरा दिवस पंगत तुमच्या उठण्यावर नको, यांच्या उठण्यावर उठू दे. तरीही कळा आल्या, तर मला हाकलावं लागणार नाही. मी आपल्या पायांनी उतरेन."

किल्लेदाराला हे मुळीच आवडलं नाही. पण साठ माणसांदेखत पडवळाचं वांगं केलं होतं, बोलायला तोंड उरलं नव्हतं. "पंधरा दिवस," तो म्हणाला. "एक दिवस जास्त नाही."

पहिल्या दिवशी त्याचं जेवण नेहमीसारखंच चटकन उरकलं. मग बसून राहावं लागलं. हात वाळला, माश्या पानावर बसल्या, म्हातारा आपला पहिलीच भाकरी आमटीत कुस्करत होता.

"बाबा, आज संपेल ना?"

"संपेल की. आपल्याला कुठे स्वारीवर जायचंय?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी किल्लेदाराने विचार केला, रिकामा हात वाळवत बसण्यापेक्षा घास चावत बसलेलं बरं. त्याने भाकरी चावली, पुन्हा चावली. नाचणी चावली की गोड लागते, हे त्याला त्या वयात कळलं. अडीच भाकऱ्या झाल्या आणि त्याला भूकच उरली नाही. इतके दिवस बाकीची दीड भाकरी तो कुणासाठी खात होता, कोण जाणे.

शिपायांनीही चावायला सुरुवात केली. पंगतीत बोलणं होऊ लागलं. आठवडा उलटला तशा कळा थांबल्या आणि वैद्य भर दुपारी घोरू लागला.

पंधराव्या दिवशी मात्र किल्लेदाराने आमटीचा भुरका मारला आणि हात थांबवला. तोंड वाकडं झालं.

"बाई," तो म्हणाला, "आमटी खारट झालीय."

शिपायांना वाटलं, संपलं. बाईने आता गाठोडं बांधायचं.

स्वयंपाकिणीने तळहातावर चमचाभर आमटी घेऊन चाखली. "झालीय खरी," ती म्हणाली. मग पदराने डोळे टिपले. कुणी विचारलं असतं तर चुलीच्या धुरावर ढकललं असतं. "बारा वर्षं रांधतेय. माझ्या आमटीला चव असते, हे आज या गडाला कळलं."

"मग तोंड काय बघतेस? पाणी घालून आण," किल्लेदार म्हणाला. "आम्ही बसलोय."

तात्पर्य: घास गिळण्यासाठी नसतो, चावण्यासाठी असतो. सावकाश जेवणाऱ्याचं पोट थोडक्यात भरतं. आणि काय खाल्लं हेच ज्याला सांगता येत नाही, त्याने रांधणारीला नावं ठेवू नयेत.