चौथ्या बोराची शीग

ओढ्याला बारा महिने पाणी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. अलीकडे उंदरांचं राज्य, पलीकडे सशांचं. अलीकडे खारूताई एक माप बाजरी चार बोरांना विकायची, पलीकडे ससोबा तीनच बोरांना. झालं, सगळं गिऱ्हाईक कासवाच्या पाठीवर बसून पलीकडे जाऊ लागलं. खारूताईवर दुकान मोडायची पाळी आली.

एकदा कासवाला पडसं झालं. मग उंदरीण नाक मुरडतच खारूताईकडे आली. "चार बोरं म्हणजे लूट गं बाई. मी तीनच देणार."

"दे की," म्हणत खारूताईनं नेहमीसारखं माप शिगोशीग भरलं आणि काठावरून शेपटी फिरवली. वरचा ढीग खाली ओघळला. चांगला निम्म्या मापाएवढा होता.

"अगं, माझी शीग पाडलीस की."

"ती चौथ्या बोराची. पलीकडे तीनात घालतात वाटतं?"

ससोबा मापावरून पंजा फिरवतो, हे उंदरीण रोज बघत होती. तिनं चौथं बोर मुकाट्यानं काढलं.

कासव बरं झाल्यावर ती तडक पलीकडे गेली. "ससोबा, शीग घाला."

"शीग? ते काय असतं?"

त्या राज्यात तो शब्दच नव्हता. रांगेतल्या सशिणींनी मात्र कान टवकारले. उंदरिणीनं त्यांना दोन्ही हातांनी ढीग करून दाखवला.

पुढच्या बाजारी कासव पलीकडून भरून आलं. सशिणी पिशव्या सावरत उतरल्या. "खारूताई, ते शीग का काय म्हणतात, ते आम्हालाही द्या."